मास्तरीणबाईंचा शिवणक्लास

"बोर्ड लागणार नाही म्हणजे नाही."

"ताई, लागणार. गुरुवारी पाहुणे येतायत."

"येऊ देत की. चहा देऊ, पंख्याखाली बसवू. बोर्ड नाही."

"चहा-पंख्यावर कार्यक्रम चालत नाहीत! सात देशांत हेच काम चाललंय. सगळीकडे दारावर हाच निळा बोर्ड. आणि आपल्या दारावर काय? 'महिला शिवणक्लास'. खाली कात्री. ती पण वाकडी."

"कात्री आमच्या ह्यांनी रंगवलीय."

"दिसतंय!"

"असेना का वाकडी. ती बघून आजवर एकाही नवऱ्याने बायकोला विचारलेलं नाही, तिथे कशाला गेली होतीस म्हणून. तुमचा बोर्ड लागला की गल्लीच्या तोंडाशीच विचारतील."

मॅडमनी बोर्ड दारातच भिंतीला टेकवून ठेवला. मोठ्या कार्यालयातून महिन्यातून एकदा येणारी ही समन्वयक मास्तरीणबाईंच्या धाकट्या बहिणीच्या वयाची. बोर्ड तिने स्कूटरवर दोन पायांमध्ये उभा धरून आणला होता. त्याचा कोपरा लागून हनुवटीवर ओरखडा उठला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"कापूस देऊ का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"विषय बदलू नका, ताई."

"विषय कुठे बदलतेय? रक्त येतंय तुमच्या हनुवटीला."

मास्तरीणबाई हे सगळं उभ्याने बोलत होत्या. त्या बसत नाहीत. बोलताना दाराशी जातात, गल्लीत डोकावतात, परत येतात, मशीनवरची पुसलेली धूळ पुन्हा पुसतात. त्यांचा नवरा म्हणतो, "ही टेकली की खुर्चीच दचकते."

आता एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. मास्तरीणबाईंना शिवता येत नाही. बटण लावायचं तर दोनदा बोट टोचून घेतात. त्या नर्स. मोठ्या रुग्णालयाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली. तिथे त्यांच्या एक लक्षात आलं होतं. खाटेसमोर उभं राहून विचारलं, "काही शंका आहे का?" तर बाई नकारार्थी मान हलवते. पण तिच्याखालची चादर बदलायला वाका, तिच्याकडे न बघता चादरीची टोकं खोचायला लागा, की वरून हळूच आवाज येतो, "सिस्टर, ते पाळणा लांबवायचं काही असतं ना हो?" डोळ्याला डोळा नसला की बायका बोलतात. हाताला काम असलं की आणखी बोलतात.

पुढे बाहेरच्या देशांतल्या एका मोठ्या संस्थेने, त्या निळ्या बोर्डवाल्याच, इथे कार्यक्रम सुरू करायचं ठरवलं. बाईच्या आरोग्याचा, आणि बाईच्या शरीराबद्दल बाईनेच ठरवावं याचा. त्यासाठी नर्स हव्या होत्या. मास्तरीणबाईंनी रुग्णालय सोडलं आणि प्रशिक्षणाला गेल्या. मोठा हॉल, गार हवा, कानात घालायच्या यंत्रातून येणारा दुभाष्याचा आवाज. शिकवायला एक परदेशी बाई होती, उंच, पायात कॅनव्हासचे बूट. तिने विचारलं, "तुमच्याकडे बाई स्वतःसाठी निर्णय कधी घेते?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "कुणी बघत नसतं तेव्हा." हॉलमध्ये हशा पिकला. परदेशी बाईही हसली, आणि मग हसू ओसरल्यावर तिने यंत्रातून विचारलं, "मग कुणी बघत असताना कधी घेणार?"

हा प्रश्न मास्तरीणबाई घरी घेऊन आल्या. भांडी विसळताना, बसची वाट बघताना तो प्रश्न मध्येच डोकं वर काढायचा आणि त्यांच्या हातातलं काम उगाच वेगाने व्हायला लागायचं.

पण "कुणी बघत नसतं तेव्हा" यावर त्यांनी हा क्लास उभा केला. बसस्थानकामागच्या गल्लीत, टायरवाला आणि चाव्या बनवणारा यांच्या मधोमध दोन खोल्या. पुढच्या खोलीत चार शिलाई मशीन. मधे जाड पडदा. पडद्यामागे तपासायचं टेबल, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, कुलपाचं कपाट. कुणाला दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, कुणाला तांबी बसवायची, कुणाला फक्त विचारायचं की पाळी अशी का येतेय. आत कुणी गेलं की पुढच्या खोलीतली एक जण मशीनचं पायडल मारत राहते. दोरा न ओवता. नुसताच खडखडाट. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. नवी आलेली बाई आधी चक्रावते, मग तिचीही पाळी येते पायडल मारायची, आणि ती जीव खाऊन मारते.

आता क्लासला जाणारी बाई घरी काहीतरी शिवून नेणार की नाही? नेलंच पाहिजे. ज्यांना येतं त्या स्वतः शिवतात. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी कपाटात तयार अभ्रे असतात, उशीचे. ते शिवतो मास्तरीणबाईंचा नवरा. तो खरा शिंपी. बाजारात त्याचं दुकान आहे. उरलेल्या कापडाचे अभ्रे करून गठ्ठा आणून देतो.

"माझी कीर्ती बघा," असं म्हणतो तो. "अख्खं गाव माझ्या कामावर डोकं ठेवून झोपतं आणि नाव विचाराल तर कुणाला ठाऊक नाही."

*

"ताई, मला एक सांगा," मॅडम हनुवटीला कापूस दाबत म्हणाल्या. "किती वर्षं लपवायचं? हा हक्क आहे. चोरीचा माल नाहीये. आपणच पडद्यामागे ठेवला तर बायकांना वाटणार ना, की हे लाजेचं काम आहे?"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे."

"मग?"

"बरोबर आहे म्हणून तर मला झोप नाही. पण हक्क सांगणार तुम्ही, आणि पाठीत बुक्की खाणार माझी बाई."

"सगळ्याच नवऱ्यांना राक्षस समजू नका."

"नाही समजत. राक्षस कोण आणि माणूस कोण, हे बोर्ड वाचून झाल्यावर कळतं, एवढंच."

मॅडमनी काही बोलायला तोंड उघडलं आणि दारात सावली पडली.

आधी कापडी पिशवी आत आली. मागून साठी ओलांडलेली, ताठ कण्याची एक बाई. चष्मा दोरीने गळ्यात. तिने चपला काढल्या नाहीत. खोलीभर नजर फिरवली. मशीनवर बसलेल्या एकमेव बाईने, पायडल मारावं की थांबावं हे न कळून, अर्धवट मारलं.

"इथली मास्तरीण कोण?"

"मी. या ना, मावशी, बसा."

"बसायला नाही आले." बाईंनी पिशवीतून दोन उशीचे अभ्रे काढले आणि मशीनवर शेजारी शेजारी पसरले. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. "हा माझ्या थोरल्या सुनेने शिवला म्हणे. आणि हा धाकटीने."

मास्तरीणबाईंची नजर कपाटाकडे गेली.

त्या दोघी जावा त्यांना चांगल्या ठाऊक होत्या. थोरली मंगळवारी येते, धाकटी शुक्रवारी. दोघींनी वेगवेगळी विनवणी केली होती, एकाच शब्दांत: "माझ्या जावेला कळू देऊ नका हं." मास्तरीणबाईंनी कळू दिलं नाही. वार वेगळे ठेवले, वेळा वेगळ्या ठेवल्या, दोघी चुकूनही समोरासमोर यायच्या नाहीत याची काळजी घेतली. फक्त अभ्रे देताना कपाटातल्या एकाच गठ्ठ्यात हात घातला. एकाच घरात, एकाच ताग्याचे, एकाच हाताचे दोन अभ्रे.

"छान आहेत की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"छानच आहेत. तेच तर." सासूबाईंनी चष्मा चढवला. "थोरलीला साधी दुमड घालता येत नाही. मी तिला घरात घेतली तेव्हापासून बघतेय. धाकटी डावरी. आणि हे बघा. दोन्हीकडे कड दोनदा दुमडलेली, कोपऱ्यावर दोरा उलटा फिरवून बंद केलेला, टाक्याला टाका सारखा. मी पण आयुष्यभर शिवलंय, बाई. हा शिकाऊ हात नाही. हा बाईचा हातच नाही. हा दुकानात बसणाऱ्या पुरुषाचा हात आहे."

मॅडम पुढे झाल्या. "मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"ही कोण?"

"मी कार्यालयातून..."

"मग कार्यालयात बस. मी हिच्याशी बोलतेय." त्यांनी मास्तरीणबाईंकडे एक पाऊल टाकलं. "माझ्या सुना दुपारी दोन-दोन तास घराबाहेर असतात. क्लासला जातो म्हणतात. शिवत नाहीत, हे आता दिसलंच. मग हे शिवून देणारा तो कोण? आणि तो फुकट का शिवून देतो? मला वेडी समजू नका. दोघींना एकच माणूस शिवून देतो आणि दोघी एकमेकींपासून लपवतात. याचा अर्थ मी काय लावू?"

मशीनवरच्या बाईने आता जोरात पायडल मारायला सुरुवात केली. रिकामं. खोलीत नुसता खडखडाट.

"ए, थांबव ते!" सासूबाई गरजल्या. ती थांबली.

मास्तरीणबाईंच्या डोक्यात दोनच वाटा दिसत होत्या आणि दोन्हींच्या शेवटी त्या दोघी जावाच उभ्या होत्या. खरं सांगावं तर भरवशाने दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर ही बाई घरी जाऊन मुलांना सांगणार, तुमच्या बायका परपुरुषाकडे जातात. त्या दाराशी गेल्या, परत आल्या. कपाटाची किल्ली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"मावशी, असं काही नाही. मी शपथेवर सांगते."

"शपथ नको. माणूस दाखवा."

आणि माणूसच आला. हनुवटीपर्यंत अभ्र्यांचा गठ्ठा, वर टक्कल, कपाळावर सरकवलेला चष्मा, एक गुडघा दुखतो म्हणून किंचित तिरका.

"अगं ए, धर जरा! हात अवघडले. पट्ट्यांचं कापड संपलं बघ, आता फुलाफुलांचं आहे. आणि त्या चावीवाल्याला सांग, त्याचा कुत्रा पुन्हा..." मग त्याला खोलीतली शांतता जाणवली. "काय झालं? कुणी गेलं का?"

सासूबाईंनी गठ्ठ्यातला वरचा अभ्रा उचलला. कोपरा उलटा केला. डोळ्यांजवळ नेला. मग शिंप्याकडे बघितलं. टकलापासून गुडघ्यापर्यंत, आणि पुन्हा वर.

"हा?"

"मी काय केलं?" शिंपी म्हणाला.

"हे तुम्ही शिवता?"

"हो. का? उसवलं का कुठे? उसवायचं नाही हो, मी उलटा टाका..."

"तुम्ही हिचे कोण?"

"नवरा. म्हणजे, अजून तरी."

मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते कापसात दाबलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. क्षणभर त्यांचे खांदे सैल झाले, म्हणजे जिवात जीव आला असावा, पण लगेच पुन्हा ताठ झाले. त्यांनी चष्मा काढला.

"बरं. पुरुष नाही. मग माझ्या सुना इथे येऊन करतात काय?"

शिंप्याने बायकोकडे बघितलं. गठ्ठा मशीनवर ठेवला आणि "दुकान उघडंच टाकून आलोय," असं पुटपुटत तिरका तिरका निघून गेला.

"सांगा ना," सासूबाई म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता, आणि तो जास्त अवघड होता. "थोरला माझा रोज विचारतो. आई, हिला दिवस का जात नाहीत? तीन मुली झाल्या, आता अंग का धरत नाही? डॉक्टर झाले, औषधं झाली. परवापासून म्हणतोय, हिला माहेरी पोचवून येतो, मग बघू पुढचं. आणि आज मी हे अभ्रे उशांना घालायला घेते तर हे दिसतं. मला घरी जाऊन काहीतरी सांगायचंय त्याला. काय सांगू?"

मास्तरीणबाईंनी किल्ली खिशात टाकली.

"ताई," मॅडम हळूच म्हणाल्या, "नियम माहीत आहे ना? आपण कुणाबद्दलही..."

"माहीत आहे. शब्द तोंडातून काढत नाही मी." त्या सासूबाईंकडे वळल्या. "मावशी, मी कुणाचं नाव घेणार नाही. कोण येतं, कशाला येतं, एक अक्षर सांगणार नाही. पण तुम्ही बाई आहात. ही जागा बायकांची आहे. तुम्हाला बघायची असेल तर बघा."

आणि त्यांनी पडदा बाजूला केला.

"ताई!"

"राहू दे, मॅडम. बोर्ड लावणार होतात ना? मग पडद्याचं काय घेऊन बसलात."

सासूबाई आत गेल्या. चपलांसकट. टेबल बघितलं, वजनकाटा बघितला. भिंतीवर बाईच्या पोटातलं चित्र होतं, रंगीत, गर्भपिशवी आणि तिच्या दोन बाजूंना फाकलेल्या नळ्या. त्याच्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर मशीनवरच्या बाईने सवयीने पायडलवर पाय ठेवला आणि काढून घेतला.

"असं असतं होय आत," सासूबाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

मग वळून न बघता बोलल्या. "तिसरीच्या बाळंतपणाला मी बाहेर बाकावर होते. पोरगा चहाला गेला होता. दार उघडून कुणीतरी मलाच सांगितलं, रक्त थांबत नाहीये. नंतर थांबलं. डॉक्टरीण म्हणाली, पुन्हा नको. मला म्हणाली. त्याला मी सांगितलं नाही."

मास्तरीणबाईंनी टेबलावरची चादर ओढून सारखी केली. थोरली आली तेव्हा तिने हेच सांगितलं होतं, फक्त बाकावर कोण होतं ते तिला माहीत नव्हतं.

"का नाही सांगितलं?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

"का म्हणजे?" सासूबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "तुला सासू आहे?"

"नाही."

"मुलगा?"

"नाही."

"मग राहू दे." त्यांनी पुन्हा चित्राकडे तोंड केलं. "आणि धाकटी? तिला तर एकच आहे. ती कशाला?"

"मी नाव घेणार नाही म्हटलं ना, मावशी."

"नको घेऊस. दोघी एका ओट्यावर उभ्या राहतात दिवसभर. एकीने चिरलं की दुसरी फोडणी घालते. आणि एकमेकींना एवढं सांगत नाहीत?"

"सांगायला भीती वाटत असेल," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच मी म्हणत होते, ताई. दोघींना आधीच माहीत असतं तर आज एकीला तरी दुसरीचा आधार असता. आपण इतकं झाकलं, की सख्ख्या जावांपासूनही झाकलं."

हे मास्तरीणबाईंना नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं. त्यांनी काही उलट उत्तर दिलं नाही. ट्रेमधल्या बाटल्या उगाच एका रांगेत लावल्या, मग विस्कटल्या.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "अभ्र्यांची नाही. ती तर झालीच. वार वेगळे ठेवले ती."

सासूबाई पुढच्या खोलीत आल्या. दोन्ही अभ्रे उचलले. एकावर एक ठेवून काटकोनात घडी घातली. पिशवीत टाकले. पिशवी काखोटीला मारली. मग मशीनवरच्या बाईपुढे थांबल्या.

"तू खरंच शिवतेस का?"

"नाही हो," ती बाई म्हणाली. "पण शिकेन म्हणते."

सासूबाईंनी "हं" केलं आणि दाराकडे निघाल्या. मास्तरीणबाई त्यांच्या मागोमाग गेल्या, जवळजवळ धावत, आणि उंबऱ्याशी त्यांना गाठलं. टायरवाला हवा भरत होता, त्याच्या यंत्राचा आवाज सगळ्या गल्लीत भरला होता, म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागलं. मोठ्याने बोलायची त्यांना या दारात सवय नव्हती.

"मावशी! संध्याकाळी तो घरी येईल ना! त्याने विचारलं तर काय सांगाल?"

सासूबाईंनी पिशवी काखेत घट्ट केली, दारातल्या बोर्डाला वळसा घातला आणि गल्लीत उतरल्या. मागे बघितलं नाही.